वाचकांचे प्रश्न : मथळ्यातली भाषा, कामातली भाषा

प्रश्न : आमच्या सॉफ्टवेअर गटातील दोन सहकारी नव्या कामासाठी एर्लांग ही फारशी प्रचलित नसलेली प्रोग्रामिंग भाषा वापरावी असा आग्रह धरत आहेत. ‘एर्लांगची किमया : ३२ अभियंते, ४५ कोटी वापरकर्ते’ अशा धर्तीचे मथळे ते दाखवतात. निर्णय मला घ्यायचा आहे. या मथळ्यांवर कितपत विसंबावे?

उत्तर : आकडे खरे आहेत, खटकते ती ‘किमया’. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेतले, तेव्हा त्याचा व्याप साधारण एवढाच होता. मात्र एर्लांग ही एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी, म्हणजे एकाच वेळी असंख्य जोडण्या न तुटता सांभाळण्यासाठीच घडवलेली भाषा, आणि व्हॉट्सॲपपुढचा प्रश्न नेमका तोच होता. शिवाय त्यांनी ईजॅबरडी हा एर्लांगमध्ये आधीच लिहिलेला, संदेशांची देवाणघेवाण करणारा सर्व्हर हाती घेऊन त्यात आणि तो ज्यावर चालतो त्या फ्रीबीएसडी या संगणक कार्यप्रणालीत चिकाटीने सुधारणा केल्या. या कष्टांना मथळ्यात जागा मिळत नाही.

उलट बाजूचा मथळाही तितकाच फसवा असतो, हे आपल्या गटातील विरोधकांनाही सांगावे. १९९८ मध्ये खुद्द एरिक्सनच्याच रेडिओ सिस्टिम्स या शाखेने नव्या उत्पादनांत एर्लांग वापरण्यास मनाई केली होती. एवढेच वाचणाऱ्याला भाषा कुचकामी ठरली असे वाटेल. प्रत्यक्षात स्वतःची भाषा पोसत बसण्यापेक्षा जगभर रुळलेल्या भाषा वापराव्यात, असे ते धोरण होते.

तिसरा प्रकार ‘अमुक कंपनीने भाषा बदलली’ हा. डिस्कॉर्ड या गप्पा-संवादाच्या सेवेच्या कंपनीने २०२० मध्ये गो ही भाषा सोडून रस्ट ही भाषा स्वीकारल्याचे जाहीर केले, ते वाचलेल्या-न वाचलेल्या संदेशांची नोंद ठेवणाऱ्या एका सेवेपुरते. गोमधील स्मृती-सफाईमुळे, म्हणजे न लागणारी माहिती संगणकाच्या स्मृतीतून आपोआप काढून टाकण्याच्या प्रक्रियेमुळे, त्या सेवेला दर दोन मिनिटांनी झटका बसून ती मंदावत असे. रस्ट तिथे आधीपासून अन्य कामांत वापरात होती, आणि एर्लांगच्याच पायावर उभी असलेली एलिक्सिर ही भाषा तर कायमच राहिली.

तेव्हा सहकाऱ्यांकडून मथळे न मागता आपल्याच प्रणालीची मोजमापे मागावीत : अडचण कोणत्या भागात आहे आणि सध्याच्या भाषेत ती का सुटत नाही? उत्तर समाधानकारक असेल, तर इतरांपासून वेगळा काढता येईल असा एखादा छोटा भाग त्यांना द्यावा. मात्र हे दोघेही रजेवर असताना तो दुरुस्त करू शकेल असा तिसरा माणूस तयार झाल्याखेरीज तो ग्राहकांसाठी सुरू करू नये.