उधारीच्या दोन वह्या झाल्या, खरी कुठली?

प्रश्न: नमस्कार सर, पंचवटीत दिंडोरी रोडला माझं कृषी सेवा केंद्र आहे. रात्री घरी बसून हिशोब बघता यावा म्हणून बिलिंग सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर मी क्लाउड सिंकच्या फोल्डरमध्ये टाकलं, दुकानात पीसी आणि इंदिरानगरला घरी लॅपटॉप. चार महिने मस्त चाललं. आता ऐन ऑक्टोबर छाटणीत, औषधांची उधारी जोरात असताना, दोन दिवसांच्या एंट्र्या गायब आणि त्याच नावाची दुसरी फाइल आलीये, मागे लॅपटॉपचं नाव लागलेलं. खरी कुठली धरू?

उत्तर: भाऊ, दोन्ही अर्ध्या अर्ध्या खऱ्या आहेत, हाच तर वांधा आहे. आधी दोन्हीकडचं सिंक थांबवा, सॉफ्टवेअर उघडूच नका, आणि दोन्ही मशीनवरचं अख्खं फोल्डर वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. अख्खं म्हणजे अख्खं, फालतू वाटणाऱ्या छोट्या फाइलीसकट.

सॉफ्टवेअरचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, पण मेन फाइलच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी 'वाल' (-wal) आणि 'एसएचएम' (-shm) लागलेली फाइल दिसते का बघा. दिसली तर आत एसक्यूलाइट आहे, म्हणजे सगळा डेटा एका फाइलीत ठेवणारा छोटा डेटाबेस. त्यात नवी एंट्री आधी त्या वाल फाइलमध्ये जाते, साधारण १००० पानं (डेटाबेसचे छोटे तुकडे) म्हणजे ४ एमबीच्या आसपास साचलं की मग मेन फाइलमध्ये उतरते. सिंकवाल्याला यातलं काही कळत नाही हो, तो प्रत्येक फाइल फोटोसारखी सुटी सुटी उचलतो, त्यामुळे मेन फाइल आत्ताची आणि वाल मघाची अशी जोडी वर जाऊ शकते आणि घरी उतरते तीच.

दुसरं म्हणजे कुलूप. एकाच पीसीवर दोघं एकदम लिहायला लागले तर डेटाबेस एकाला थांबवतो, पण ते कुलूप क्लाउडमधून इंदिरानगरला येत नाही ना. दुकानातलं अपलोड लाईट गेल्यामुळे राहिलं आणि तुम्ही घरी कालच्याच कॉपीत चार एंट्र्या मारल्या, की झाल्या दोन वह्या. सिंकला त्या जुळवता येत नाहीत म्हणून तो दुसरी फाइल बाजूला ठेवून मोकळा होतो.

आणि क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहे असं धरून चालू नका, खराब झालेली फाइलसुद्धा तो तितक्याच इमानदारीने वर चढवतो. जुनी व्हर्जन मात्र मिळू शकते, गुगल ड्राइव्हवर अशा फाइलींची ३० दिवस किंवा १०० व्हर्जनपर्यंत राहते, तेव्हा उशीर करू नका. रात्री सॉफ्टवेअर बंद केल्यानंतरची व्हर्जन घ्या, कारण नीट बंद केलं की वालमधलं सगळं मेन फाइलमध्ये जातं आणि वाल फाइल नाहीशी होते.

पुढे डेटा साध्या लोकल फोल्डरमध्ये ठेवा. डॉक्युमेंट्समध्ये नको, विंडोज ११ मध्ये ते कधीकधी आपोआप वनड्राइव्हमध्ये गेलेलं असतं. रात्री सॉफ्टवेअरच्याच बॅकअप बटणाने तारखेची फाइल काढा आणि ती खुशाल क्लाउडवर टाका. घरी ती रिस्टोर करून नुसतं बघा, एंट्री करायचीच असेल तर रिमोट डेस्कटॉपने दुकानाच्याच पीसीवर करा.

राहिले ते दोन दिवस. बिलबुकाच्या कार्बन कॉप्या असतील तर त्यावरून हातानेच भरा, आणि ज्यांची उधारी मोठी आहे त्यांना फोन करायच्या आधी भरा.