दोन फुटी टाकीत कोणते मासे एकत्र ठेवावेत आणि शेवाळ कसे आवरावे?

आपण लिहिले आहे की जळगावात दोन फुटी टाकीत दोन गोल्डफिश, दोन एंजल, चार टायगर बार्ब आणि एक सकर आहे, काच हिरवी पडते आणि शेवाळ खाणारा आणखी एखादा मासा किंवा औषध हवे आहे. माझ्या मते आपल्याला मासे वाढवायचे नसून कमी करायचे आहेत, आणि औषधाची गरज नाही.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत प्रत्यक्षात सुमारे 50 लिटर पाणी मावते. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे, त्याची विष्ठाही भरपूर असते. खान्देशच्या मे महिन्यात तो सर्वांत आधी धापा टाकू लागतो. टायगर बार्ब एंजलचे लांब पर कुरतडतात. सकर दुकानात बोटाएवढा दिसत असला तरी फूटभर वाढतो, आणि मोठा झाला की शेवाळ सोडून माशांच्या खाद्यावर व कधी गोल्डफिशच्या अंगावरील चिकट थरावर ताव मारतो. शेवाळासाठी आणलेला हा मासा आपल्या विष्ठेने शेवाळालाच खत पुरवतो. गोल्डफिश, टायगर बार्ब आणि सकर या तिन्ही जाती दुकानदाराला परत द्याव्यात. सकर गिरणेत किंवा तापीत मात्र कदापि सोडू नये, कारण तो तेथे तग धरतो आणि स्थानिक माशांच्या मुळावर उठतो.

आपल्याकडील काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी बहुधा जड व अल्कधर्मी असते. निऑन टेट्रासारख्या मऊ पाण्यातील माशांना ते मानवत नाही. गप्पी आणि प्लॅटी यांना मात्र तेच आवडते. हिवताप विभाग डासांच्या अळ्यांसाठी हौदांत सोडतो तोच हा गप्पी. सहा-सात गप्पी, सगळे नर (मादी आणल्यास काही महिन्यांत पिलांनी टाकी भरेल), आणि सोबत सहा झेब्रा डॅनिओ (पट्टेरी छोटे मासे), एवढी वस्ती 50 लिटरला पुरे. एंजल या टाकीत ठेवू नयेत; ते वाढतात तेव्हा तोंडात मावणारा मासा त्यांना खाद्यच वाटतो. अल्कधर्मी व गरम पाण्यात माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया अधिक विषारी ठरतो, म्हणून येथे गर्दीची शिक्षा इतर ठिकाणांपेक्षा लवकर मिळते.

शेवाळाला प्रकाश आणि नायट्रेट-फॉस्फेट ही पोषकद्रव्ये लागतात, त्यामुळे उपायही तेथेच करावा लागतो. टाकीवर खिडकीचे ऊन येत असेल तर ती हलवावी. दिवा टायमरवर सहा-सात तासच ठेवावा. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, पण रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातील बोअर असेल तर खतांमुळे त्या पाण्यातच नायट्रेट असू शकते, म्हणून टाकीबरोबर बोअरचेही पाणी चाचणी किटने एकदा तपासावे. अन्यथा पाणी बदलूनही काच हिरवीच राहते आणि दोष फिल्टरला जातो. नळाचे पाणी क्लोरीन काढूनच घालावे. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, कारण अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू त्यातच राहतात. वॅलिसनेरिया ही पाणवनस्पती जड पाण्यात चांगली वाढते व शेवाळाच्या वाट्याचे अन्न घेते. काचेवरचा पातळ हिरवा थर चुंबकी ब्रशने काढला की पुरे. नव्या टाकीतील तपकिरी थर बहुधा काही आठवड्यांत आपोआप जातो.

औषधाने एकदम मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायू खाते, आणि 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम मावणारा प्राणवायू 35 अंशांत जेमतेम 7 उरतो. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरताना आरओचे पाणी वापरावे, नाहीतर क्षार साचत जातात. भारनियमनाच्या वेळेसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप मार्चपूर्वीच घेऊन ठेवावा.