स्विच २ मध्ये निन्टेन्डोने नेमकी कुठे काटकसर केली आहे?

स्विच २ हे निन्टेन्डोचं हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायचं गेमयंत्र. हा प्रश्न विचारताना तुम्ही केलेल्या तक्रारी तीन: जड गेमला बॅटरी दोन-अडीच तासच पुरते, जुनं मायक्रोएसडी कार्ड चालत नाही आणि ओएलईडी स्क्रीन (जिचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो) दिली नाही. यातली काटकसर फक्त तिसरी. आणि खरी काटकसर आहे ती तुम्ही विचारलीच नाहीत.

बॅटरीचा हिशेब मांडून बघा. ५२२० एमएएच म्हणजे साधारण २० वॉट-तास. दोन तास खेळायचं तर चिप, मेमरी, स्क्रीन, पंखा, वाय-फाय सगळ्यांनी मिळून १० वॉटमध्ये भागवायचं. जाडी पहिल्या स्विचइतकीच, १३.९ मिमी, ठेवल्यावर मोठी बॅटरी बसवणार कुठे? म्हणून चिपमध्ये कोअर, म्हणजे गणित करणारे छोटे भाग, भरपूर, पण त्या चालतात संथ. २०१७च्या स्विचमध्ये ग्राफिक्सच्या २५६ कोअर होत्या, इथे १५३६ आहेत. हातात खेळताना त्या ५६१ मेगाहर्ट्झवर चालतात, डॉकमध्ये (टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमध्ये) १००७ वर. हा वेग, म्हणजे क्लॉक, वाढवला की व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे कमी कोअर पळवण्यापेक्षा जास्त कोअर हळू चालवणं परवडतं. चिप मोठी होते, महाग पडते, पण हातातल्या यंत्राला दुसरा मार्ग नाही.

कार्डाचा निर्णय मला पटतो. जुन्या, यूएचएस-१ प्रकारच्या मायक्रोएसडी कार्डाची कमाल १०४ एमबी प्रति सेकंद. ते चालू दिलं असतं तर प्रत्येक गेम त्याच वेगाला धरून लिहावा लागला असता, यंत्राच्या आतली वेगवान यूएफएस साठवण असून नसल्यासारखी. स्विच २ ला लागणाऱ्या नव्या मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्डाला मागे पिनांची दुसरी रांग असते आणि कागदावर ९८५ एमबीपर्यंत वेग मिळतो. विकत घेताना ‘ईएक्स’ ही खूण बघा; ए२ किंवा व्ही३० या जुन्या कार्डांवरही असणाऱ्या खुणा वाचून फसू नका. जुन्या कार्डावरून फक्त फोटो-व्हिडिओ उतरवता येतात.

स्क्रीन एलसीडी, १०८०पी, १२० हर्ट्झ, व्हीआरआरसह (गेमच्या फ्रेमप्रमाणे स्क्रीनने आपला वेग बदलणं) आहे. गेम सेकंदाला ५० फ्रेमवर घसरला तरी झटके जाणवत नाहीत, हे चांगलं. पण मागचा उजेड (बॅकलाइट) कडेने येतो, स्क्रीनचा एखादाच भाग मंद करता येत नाही, त्यामुळे एचडीआर, म्हणजे उजळ-गडदातला मोठा फरक, नावापुरतं; आणि पिक्सेल इतके आळशी की वेगवान दृश्य पुसट दिसतं.

खरी काटकसर जॉय-कॉनच्या, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सुट्या कंट्रोलरच्या, अंगठ्याने फिरवायच्या स्टिकमध्ये. आत अजूनही पोटेन्शिओमीटर आहे: कार्बनच्या पट्टीवर धातूचा स्पर्शक घासतो, पट्टी झिजते, आणि हात न लावता पात्र सरकू लागतं. कॉन्टॅक्ट क्लीनरने धूळ निघते, झिजलेली पट्टी भरून येत नाही.