पहिल्यांदाच क्रूझला चाललोय, सोलापुरातलं घर आठवडाभर बंद राहणार, निघायच्या आधी घराची आणि आपली काय काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की परीक्षा संपल्या की एप्रिलअखेर तुम्ही दोघं, दोन पोरं आणि आई असे मुंबईहून गोवा-लक्षद्वीपच्या क्रूझला चाललाय, घर जुळे सोलापूरला आणि मागं बघणारं कुणी नाही. मी पण सोलापूरचीच, आम्ही पण घर असंच बंद ठेवून जाऊन आलोय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. पुण्याला लग्नाला गेलात आणि घरून फोन आला तर तिथं बसून काहीतरी करता येतं, पण जहाज किनारा सोडून आत गेलं की आपलं सिम चालतच नाही. म्हणजे फोन नाही, यूपीआय नाही आणि बँकेचा ओटीपीपण येत नाही. त्यामुळं तुम्हाला न विचारता मागचं सगळं निभावलं पाहिजे अशी सोय लावूनच निघायचं. नुसतं कुलूप लावून भागत नाही, घर एखाद्या माणसाच्या हवाली करायचं.

आणि आपल्याकडं घर हवाली करायचं म्हणजे आधी पाणी. नळ काही दिवसाआड येणार, ते पण कधी रात्री तर कधी पहाटे, आणि तुम्ही नसताना एकदा तरी नक्की येणार. निघायच्या गडबडीत कुणीतरी नळाची चावी उघडून बघतं, पाणी नाही म्हणून तशीच सोडून देतं आणि मग घराला कुलूप लागतं. पाणी सुटलं की ते वाया तर जातंच, वर घरात पसरतं ते वेगळंच. म्हणून जायच्या आधीच्या पाळीला नळ आला की उभं राहून हौदाचा बॉलकॉक बघा, हौद भरल्यावर तो पाणी पूर्ण बंद करतोय का, आणि थेंब थेंब जरी चालू असेल तरी प्लंबर बोलवून बदलूनच टाका, किरकोळ खर्चाचं काम आहे. निघताना घरातली एकेक चावी हातानं फिरवून बंद आहे का बघा, वरच्या टाकीचा खालचा कॉक पण बंद करा.

टाकी भरून ठेवावी की रिकामी हे तुम्ही विचारलंय. माझं मत, हौद भरून ठेवा आणि झाकण घट्ट लावा, कारण परत आल्यावर नळाची पाळी दोन-तीन दिवस लांब असली तर प्रवासाचे कपडे कशात धुणार? पण पिंप, बॅरल, बादल्या, कूलरची टाकी हे सगळं रिकामं करून पालथं घाला. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, म्हणजे नेमका तुम्ही परत यायच्या वेळेला. आल्या दिवशी प्यायला सरळ वीस लिटरचा जार मागवा.

किल्ली शेजारी द्यायची तर नुसती हातात ठेवून येऊ नका. आम्ही शेजारच्या काकूंना घरात बोलवून हौद, मोटरचा स्विच, मेन स्विच, गॅसचा रेग्युलेटर कुठं आहे ते दाखवून ठेवतो, आणि एका कागदावर प्लंबरचा, इलेक्ट्रिशियनचा आणि सोलापुरातल्याच एका नातेवाइकाचा नंबर लिहून देतो. जहाजाचं नाव आणि कुठल्या दिवशी कुठं असणार ते पण त्याच कागदावर. तुळस तर त्यांच्याच अंगणात नेऊन ठेवायची, एप्रिलच्या उन्हात कुंडी दोन दिवस पण टिकत नाही. दूध आणि पेपर बंद करायला सांगा, कारण दारात पेपर साठले की घर बंद आहे हे गल्लीबाहेरच्यालापण कळतं. दागिने बँकेच्या लॉकरला, आणि फोटो-स्टेटस काय टाकायचे ते परत आल्यावर टाका, पोरांनापण हे बजावून सांगा.

लाईटचं म्हणाल तर फ्रिज रिकामा करून बंद करा आणि दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर उघडल्याबरोबर वास. टीव्ही, राउटरच्या पिना काढा, एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तो विजा आणि वारं घेऊनच येतो, त्यामुळं गच्चीवरचं पत्रा-बित्रा काही सुटं असेल तर बांधून ठेवा आणि खिडक्या लावून घ्या. मेन बंद करणार असाल तर इन्व्हर्टर पण बंद करा, नाहीतर तो बॅटरीवर चालत राहतो. देवाची काळजी आईंना वाटणार. आमच्या सासूबाई निघताना देवापुढं साखर ठेवतात आणि दिवा शांत करूनच बाहेर पडतात. पेटता दिवा ठेवून घर बंद करू नका एवढं नक्की.

हप्ते, बिलं, पोरांची फी जे काय त्या आठवड्यात येतं ते आधीच भरून टाका, जहाजावर ओटीपीवाचून अडकाल. फोन जहाजावर चढल्यावर एअरप्लेन मोडवर ठेवा. जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइट नेटवर्क असतं, चुकून त्याला जोडला गेला तर साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुतेक बसत नाही आणि बिल लई येतं.

मुंबईला जायचं कसं, तर वंदे भारत सोलापूरहून सकाळी निघून दुपारी पोचते, आणि क्रूझचं बोर्डिंग पण साधारण दुपारीच असतं. गाडी लेट झाली तर जहाज थांबत नाही. त्यापेक्षा आदल्या रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरा, सकाळी सीएसएमटीला उतरलं की जिथून क्रूझ सुटते ते बॅलार्ड पिअर टॅक्सीनं अगदी जवळ. आई बरोबर आहेत तर एक दिवस आधी जाऊन मुंबईत मुक्काम केला तर अजून चांगलं. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, सुट्टीच्या दिवसांत तेव्हाच करा.

लक्षद्वीपला आपल्या भारतीयांनापण परमिट लागतं, ते कंपनी काढणार की तुम्ही, हे आत्ताच लेखी विचारून घ्या. नावं आधारवर आहेत तशीच तिकिटावर पाहिजेत, आणि मूळ आधार सगळ्यांचे बरोबर ठेवा. मोठ्या बॅगा टर्मिनलवरच घेतात आणि खोलीत यायला काही तास लागतात, म्हणून औषधं, कागद, चष्मा आणि एकेक कपडा हातातल्या पिशवीत. इस्त्री, किटली, चाकू, काडेपेटी, उदबत्ती यातलं काही चालत नाही, आईंचा अडकित्ता असेल तर तो पण घरीच ठेवा. बाहेरचं खाणं पण बहुतेक चढू देत नाहीत, कडक भाकरी आणि शेंगाचटणी गाडीत संपवा.

जहाज लागतं म्हणजे मळमळतं, त्याला ॲव्होमिनसारखी गोळी उलटी सुरू झाल्यावर फारशी कामाची नाही, तास-दोन तास आधी घ्यावी लागते आणि झोप येते. आईंना काचबिंदू किंवा बीपी असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. खोली अजून ठरली नसेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली घ्या, तिथं हेलकावे कमी बसतात.

आईंना पाण्याची भीती वाटते म्हणालात. जहाजावर संकट आलं तर काय करायचं याचा सराव सगळ्या प्रवाशांकडून करून घेतात, त्याबद्दल त्यांना आधीच नीट सांगा. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाज खडकावर आपटलं, ३२ माणसं गेली, आणि त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच लोकांचा सराव झालाच नव्हता. त्यानंतर १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमच झाला की सराव जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर घ्यायचा. तेव्हा कंटाळा करून खोलीत बसू नका, आईंना हाताला धरून घेऊन जा, त्यांची जमायची जागा कुठली, जिना कुठला, लाईफ जॅकेट कसं बांधायचं ते त्यांच्याकडून एकदा करून घ्या, आणि धाकट्याच्या मापाचं जॅकेट आहे का हे तिथल्या माणसाला तिथंच विचारा.