उत्तर: पहिली क्रेनियल नर्व्ह सोडून दुसरीपासून तपासणी सुरू केली तर चालतं का?

तुम्ही फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहात. वॉर्डात सगळे क्रेनियल नर्व्ह, म्हणजे थेट मेंदूतून निघणारे मज्जातंतू, दुसरीपासूनच तपासायला लागतात, मग पहिली, म्हणजे वास पोचवणारी, सोडली तर चालेल का, आणि पहिल्या दोन पेरिफेरल नर्व्हस सिस्टिममध्ये (मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेरच्या मज्जातंतूंमध्ये) धरायच्या का, असं तुम्ही विचारलंय.

नाही चालणार. डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या बाबतीत तर अजिबात नाही. मी नर्सिंगच्या मुलींना ॲनाटॉमी शिकवते, पण इतकं ठासून लिहितेय ते हे घरात भोगलंय म्हणून.

मागे एका पावसाळ्यात पुण्यात म्हात्रे पुलाजवळ माझ्या नवऱ्याची स्कूटर घसरली. तो मागच्या मागे पडला आणि डोक्याची मागची बाजू दुभाजकावर आपटली. हेल्मेट डिकीत होतं, कारण डेक्कनपर्यंतच तर जायचं होतं. थोडा वेळ शुद्ध हरपली. सीटी स्कॅनमध्ये काही निघालं नाही आणि डिस्चार्ज कार्डावर 'क्रेनियल नर्व्ह नॉर्मल' असं लिहून मिळालं. पहिली कुणी तपासली, असं मी विचारलं. निवासी डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा त्याच्या नाकाखाली धरला, त्याने झटकन मान मागे घेतली. "बघा, येतोय की वास!"

स्पिरिटने वास तपासत नाहीत हो. स्पिरिट, अमोनिया, बाम हे नाकात झोंबतात आणि ते झोंबणं पाचवी नर्व्ह, म्हणजे ट्रायजेमिनल, पोचवते. पहिली पार तुटलेली असली तरी पाचवीच्या नाकातल्या शाखा शाबूत असतात. न झोंबणारा, ओळखीचा वास घ्यायचा, पेशंटला डोळे मिटायला सांगायचं आणि एकेक नाकपुडी बंद करून वेगवेगळी तपासायची. दोन मिनिटांचं काम आहे.

घरी आल्यावर एका सकाळी दूध उतू जाऊन आटलं, करपलं, पातेल्याचा तळ काळाठिक्कर पडला. हा ओट्यापासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेला. मी बाहेरच्या खोलीतून वासाने धावत आले, त्याला पत्ता नाही. तिथेच त्याला डोळे मिटायला लावले आणि कॉफी पावडर, व्हॅनिला इसेन्स, मोती साबण एकेक करून नाकाशी धरलं. "धरलंयस का काही?" असं त्याने प्रत्येक वेळी विचारलं.

आमच्या भाऊजींना हे आजही पटत नाही. त्यांचं म्हणणं, मिरचीची फोडणी पडली की याला ठसका लागतो, आमटीत मीठ कमी असलं तर पहिल्या घासाला सांगतो, मग नाकाला झालंय काय? मनाने घेतलंय म्हणे. तर भाऊजी, ठसका पाचवीचा आणि घशातून दहावीचा. मीठ, गूळ, चिंच जिभेवर कळतात: पुढच्या दोन तृतीयांश जिभेची चव सातवी नेते, मागच्या भागाची नववी. पण हिंग, गोडा मसाला, कढवलेलं तूप यांचा वास घास चावताना घशाच्या मागून नाकात चढतो आणि पहिलीतूनच कळतो. आमटी म्हणजे नुसतं आंबट-गोड गरम पाणी लागतंय, असं तो म्हणायचा ते नाटक नव्हतं.

यामागचं कारण बघा. नाकाच्या छतातल्या वासाच्या पेशींचे धागे १५ ते २० जुडग्यांनी एथमॉइड हाडाच्या क्रिब्रिफॉर्म प्लेटमधून वर ऑलफॅक्टरी बल्बमध्ये, म्हणजे मेंदूच्या वास घेणाऱ्या भागात, जातात. प्लेट चाळणीसारखी सच्छिद्र आणि पातळ, धागे नाजूक. डोकं मागून आपटलं की मेंदू पुढे सरकतो आणि हे धागे भोकांच्या कडेला कापले जातात. हाड मोडलेलं नसतं, धागे स्कॅनमध्ये दिसत नाहीत, म्हणून रिपोर्ट नॉर्मल. या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होतात, त्यामुळे आशा असते, पण प्लेटपाशी व्रण धरला तर नव्या धाग्यांची वाट अडते. नवऱ्याला आता कॉफी कळते. उदबत्ती आणि जळकी वायर मात्र त्याला एकच वाटतात.

"डोळे-कान तर शाबूत आहेत, वासाचं काय एवढं?" हेही भाऊजींचंच. सिलेंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात, आणि ते ओळखते ती हीच नर्व्ह. आम्ही स्वयंपाकघरात गॅस अलार्म बसवलाय.

दुसऱ्या प्रश्नाचं थोडक्यात. परीक्षेत १२ जोड्या क्रेनियल आणि ३१ जोड्या स्पायनल (मज्जारज्जूतून निघणाऱ्या) मिळून पेरिफेरल, असंच लिहा. खरं तर दुसरी, डोळ्याची ऑप्टिक, हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. तिच्यावर मेंदूची आवरणं असतात आणि तिचं मायलिन, म्हणजे धाग्यांवरचं वेष्टण, बाहेरच्या नर्व्हसारखं श्वान पेशींचं नाही, मेंदूतल्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींचं असतं. म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू-मज्जारज्जूतलं मायलिन खाणारा आजार तिला गाठतो, हातापायांच्या नर्व्हना सोडतो. पहिलीचे धागे परिघातले, बल्ब आणि त्यापुढचा ट्रॅक्ट (मार्ग) मेंदूचे. १२ ही मोजणीसुद्धा सोमरिंग या जर्मन शरीररचनातज्ज्ञाची, १७७८ सालची. त्याआधी विलिस हा इंग्रज डॉक्टर ९ जोड्या धरायचा. त्यामुळे या वर्गवारीत फार अडकू नका.

आणि हेल्मेट घाला. २०१९ मध्ये सक्ती झाली तेव्हा आपल्या पुण्यात तिच्याविरुद्ध आंदोलनं झाली, भाऊजी त्यात हिरिरीने होते. "गावात वेग असतो कितीसा?" वेग कमीच होता याचाही. हेल्मेट घातलं की हे धागे वाचतीलच अशी खात्री कुणी देणार नाही, जोराचा हिसकाही पुरतो. पण पट्टा लावलेलं हेल्मेट दुभाजकाचा मार बऱ्याच अंशी स्वतःवर घेतं, आणि डिकीतलं घेत नाही.

एक राहिलं. वास गेला म्हणजे नर्व्हच तुटली असं नव्हे. सर्दी, पॉलिप (नाकातली मऊ गाठ), कोविड ही कारणं आधी बघतात. मात्र अपघातानंतर नाकातून पातळ पाणी गळत असेल, विशेषतः खाली वाकल्यावर, तर वास तपासत बसू नका आणि पेशंटला नाक शिंकरू देऊ नका. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं, लगेच वरिष्ठांना बोलवा. आणि एखाद्या दिवशी वेळच मिळाला नाही, तर केस पेपरवर 'दुसरी ते बारावी नॉर्मल, पहिली तपासलेली नाही' असं सरळ लिहा, म्हणजे पुढचा कुणीतरी तपासेल.