स्ट्रॅटेजी: खेळी, डावपेच की धोरण?

प्रश्न असा आला आहे: गेम थिअरीवर, म्हणजे एकाचा फायदा-तोटा समोरचा काय करतो यावरही ठरतो अशा प्रसंगांच्या गणितावर, मराठीत लिहिताना 'स्ट्रॅटेजी'ला कोणी खेळी म्हणतं, कोणी डावपेच, कोणी व्यूहरचना. यांतला बरोबर शब्द कोणता?

खेळी तर नक्कीच नाही. खेळी किंवा चाल म्हणजे आपली पाळी आल्यावर केलेली एक कृती. बुद्धिबळात घोडा पुढे टाकला, ही चाल झाली. गेम थिअरीतली स्ट्रॅटेजी डाव मांडण्याआधीच पुरी झालेली असते: समोरच्याने अमुक केलं तर मी हे करणार, तमुक केलं तर ते, आणि यात एकही शक्यता सुटलेली नाही. एवढं कागदावर उतरवून दिलं, की तुम्ही घरी जाऊन झोपलात तरी चालेल. तुमचा डाव दुसरा कोणीही खेळेल.

फरक किती मोठा आहे ते फुली-गोळ्यात मोजून पाहा. फुलीवाल्याची पहिली खेळी, गोळेवाल्याची पहिली, मग फुलीवाल्याची दुसरी, एवढंच धरलं तर 9 × 8 × 7 म्हणजे 504 प्रकार होतात. आता फुलीवाल्याच्या स्ट्रॅटेजी मोजा. पहिलं घर 9 प्रकारे निवडता येतं. त्यानंतर गोळा उरलेल्या 8 घरांपैकी कुठेही पडू शकतो आणि त्या प्रत्येक वेळेसाठी 7 घरांतलं एक आधीच ठरवून ठेवायचं आहे. म्हणून 9 गुणिले 7चा आठवा घात: 5,18,83,209. दोघांना एकच शब्द वापरला तर 504 आणि पाच कोटी एकाच पोत्यात जातात.

डावपेच हा शब्द मला आवडतो, पण त्याला आखाड्याचा वास आहे. ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे डाव, आणि डावपेच म्हटलं की समोरच्याला चकवणं आलंच. गेम थिअरीतल्या स्ट्रॅटेजीत कावा असायलाच हवा असं काही नाही. 'काहीही झालं तरी खरंच बोलायचं' हीसुद्धा स्ट्रॅटेजीच. शिवाय डावपेच अनेकवचनीच शोभतो. 'त्याच्याकडे तीन डावपेच आहेत' हे वाक्य कानाला खटकतं, आणि गणितात तर पदोपदी मोजणी करायची असते. व्यूहरचनेत सैन्याची मांडणी दिसते, 'असं झालं तर तसं' ही अट दिसत नाही.

माझं मत धोरणाला. धोरणी माणूस म्हणजे पुढचं पाहून आधीच ठरवून ठेवणारा, आणि इथे नेमकं तेच हवं आहे. सरकारी धोरणाशी गल्लत होईल अशी शंका कोणी काढेल. पण महागाई वाढली तर व्याजदर असा, उतरली तर तसा, हे पतधोरणसुद्धा त्याच घडणीचं असतं.

धोरण या शब्दाची खरी परीक्षा 'मिश्र' हे विशेषण जोडल्यावर होते. मिश्र म्हणजे एकच गोष्ट दर वेळी न करता, कोणती किती वेळा करायची याचं प्रमाण ठरवून निवड नशिबावर सोडणं. एकी-बेकी घ्या: एकाने मुठीत चिंचोके लपवायचे, दुसऱ्याने एकी की बेकी ते सांगायचं. 'एकी' बरोबर आली तर सांगणाऱ्याला 1 चिंचोका, 'बेकी' बरोबर आली तर 2, आणि चुकला तर त्याने 1 द्यायचा. बेकीला दुप्पट मिळतात म्हणून सांगणारा सारखा 'बेकी'च म्हणू लागला, तर लपवणारा दर वेळी एकी धरून त्याला धुऊन काढेल. उत्तर असं येतं की दोघांनीही 5 पैकी 3 वेळा एकी आणि 2 वेळा बेकी घ्यावी. लपवणाऱ्याने हे प्रमाण पाळलं, की सांगणाऱ्याने पाचही वेळा 'एकी' म्हटलं तर 3 − 2 आणि पाचही वेळा 'बेकी' म्हटलं तर 4 − 3. दोन्हीकडे पाच डावांत सरासरी 1 चिंचोका. लपवणाऱ्याने निम्मं-निम्मं केलं, तर सारखी 'बेकी' म्हणणारा 10 डावांत सरासरी 5 चिंचोके नेतो, एरवी नेले असते 2.

मुठीत मात्र दर वेळी एकी तरी असते नाहीतर बेकी. म्हणजे खेळी कधीच मिश्र नसते, मिश्र असतं ते धोरण. त्यामुळे 'मिश्र खेळी' लिहिलेलं दिसलं तर बेलाशक खोडा.

यात हमखास होणारी चूक म्हणजे प्रमाण बरोबर राखून क्रम ठरावीक ठेवणं. एकी-बेकी-एकी-बेकी-एकी अशी लय लागली, की समोरचा पाच-दहा डावांत ती ओळखतो. तीन चिठ्ठ्यांवर एकी, दोनांवर बेकी लिहा, दर डावाला न बघता एक उचला आणि ती परत टाकून पुन्हा मिसळा. परत टाकली नाही तर पाचवी चिठ्ठी कोणती ते समोरच्याला आधीच कळलेलं असतं.

जाता जाता 'गेम'बद्दल. गणिती जॉन फॉन नॉयमनने 1928 साली या विषयावर जर्मनमध्ये निबंध लिहिला, तेव्हा त्याच्या शीर्षकातला शब्द होता गेझेलशाफ्टस्श्पीले, म्हणजे आपले बैठे खेळ. पुढे 1944 साली अर्थशास्त्रज्ञ मॉर्गनस्टर्नबरोबरच्या ग्रंथात नियमांचा संच म्हणजे 'गेम' आणि तो एकदा खेळणं म्हणजे 'प्ले' असा भेद करून घ्यावा लागला. मराठीत तो आयताच आहे: खेळ पत्त्यांचा, आणि आपण खेळतो तो डाव. तेव्हा सिद्धांत खेळांचाच म्हणावा. खेळणाऱ्याला मात्र भिडू म्हणू नका. भिडू आपल्या बाजूचा असतो.