वेल्श, आयरिश आणि हिब्रू: खरं साम्य कुठे आहे आणि कुठे नाही

प्रश्न असा आहे: "वेल्श आणि आयरिश भाषा हिब्रूपासून निघाल्या, इस्रायलच्या हरवलेल्या दहा टोळ्यांतले लोक ब्रिटनला पोहोचले, असं वाचलं. पुरावा म्हणून शब्दांच्या लांबलचक याद्या होत्या. यात तथ्य किती आणि ते आपलं आपण कसं तपासायचं?"

आधी यात मिसळलेले दोन दावे वेगळे करू. एक शब्दांचा, दुसरा वाक्यरचनेचा. शब्दांचा दावा टिकत नाही. वाक्यरचनेतलं साम्य मात्र अगदी खरं आहे आणि सव्वाशे वर्षं अभ्यासक त्याच्यामागे लागले आहेत.

याद्या बनवणं किती सोपं आहे ते हिशेबाने बघा. व्यंजनांचे ढोबळ १० गट करा (प-ब-व एक गट, त-द एक, असे) आणि स्वर सोडून द्या. या याद्यांत तेच केलेलं असतं. आता कुठल्याही दोन शब्दांतली पहिली दोन व्यंजनं योगायोगाने जुळण्याची शक्यता साधारण शंभरात एक. १,००० अर्थ तपासले तर १० जोड्या आपोआप मिळतात. प्रत्येक अर्थाला तीन-चार जवळचे शब्द चालवून घेतले की तीस-चाळीस. मराठी आणि जपानीची यादीसुद्धा अशीच तयार होईल.

म्हणून नातं ठरवताना शब्द 'सारखा ऐकू येतो' याला किंमत नाही. फरक नियमाने पडतो का, ते बघायचं. वेल्शचे आकडे घ्या: त्री, पेद्वार, पिम्प, नाउ, देग. संस्कृतात त्रि, चत्वार, पञ्च, नव, दश. हिब्रूत शालोश, अर्बा, खामेश, तेशा, एसेर. 'पेद्वार' आणि 'चत्वार' वरवर वेगळे दिसतात, पण मूळचा 'क्व' वेल्शमध्ये 'प' होतो, संस्कृतात पुढे विशिष्ट स्वर असला की 'च' होतो, आणि हे शब्दामागून शब्द तसंच घडतं. दुसरा नियम: केल्टिक भाषांनी (म्हणजे वेल्श-आयरिशच्या कुळाने) शब्दारंभीचा मूळ 'प' गाळला. संस्कृत 'पितृ', आयरिश 'आहिर'. संस्कृत 'पूर्ण', आयरिश 'लान'. म्हणजे वेल्श आणि आयरिश आपल्याच मराठीच्या दूरच्या चुलत बहिणी आहेत. हिब्रूचं घराणं वेगळं, सेमिटिक: अरबी, अरामी, फिनिशियन यांचं.

सहा-सातवर मात्र बरेच जण अडखळतात. हिब्रूत 'शेश, शेवा', आयरिशमध्ये 'शे, श्याख्त'. सहाचं साम्य योगायोगाचं आहे. 'सात' हा शब्द फार जुन्या काळी सेमिटिक भाषांतून आला असावा असं काही अभ्यासक मानतात, पण तसं असेल तर तो 'सप्त'मध्येही आहे. त्यातून आयरिशचं वेगळं नातं निघत नाही.

आणखी एक साम्य नेहमी पुढे केलं जातं: शब्दाचं पहिलं व्यंजन बदलणं. हिब्रूत 'बायित' म्हणजे घर, 'घरात' म्हणताना 'बे-वायित'. आयरिशमध्ये 'बाड' म्हणजे होडी. 'त्याची होडी' 'अ वाड', 'तिची होडी' 'अ बाड', 'त्यांची होडी' 'अ माड'. तिन्ही ठिकाणी सर्वनाम एकच 'अ', बदल फक्त पुढच्या व्यंजनात. असं का? याचं उत्तर संस्कृत जाणणाऱ्याला चटकन पटेल. 'त्याचा' म्हणजे अस्य, शेवटी स्वर, म्हणून पुढचा 'ब' मऊ झाला. 'तिचा' म्हणजे अस्याः, शेवटी मूळचा 'स्', म्हणून 'ब' तसाच राहिला. 'त्यांचा' म्हणजे एषाम्, शेवटी अनुनासिक, म्हणून 'ब'चा 'म'. आयरिशने ते शेवट पुढे गमावले, पण त्यांची खूण पुढच्या शब्दावर उरली. मला केल्टिक भाषांतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, आणि ती समजायला हिब्रूची गरजच पडत नाही.

नावांच्या व्युत्पत्त्यांची तीच गत. 'ब्रिटिश' म्हणजे हिब्रूतलं 'ब्रित' (करार) अधिक 'ईश' (माणूस), असं सांगतात. हिब्रूत 'कराराचा माणूस' म्हणताना 'ईश' आधी येतो. 'ब्रित-ईश' हा क्रमच उलटा आहे. शिवाय शेवटचा 'इश' हा जर्मॅनिक प्रत्यय आहे, इंग्लिश, डॅनिशमधला. आयर्लंडमधलं डोनेगल आणि युरोपातली डॅन्यूब नदी ही नावं त्या दहांतल्या 'दान' टोळीवरून, हेही असंच. डोनेगल म्हणजे 'दून ना न्गाल', परक्यांचा किल्ला. डॅन्यूबमागे नदीवाचक जुना 'दानु' शब्द आहे, जो ऋग्वेदातही भेटतो.

या कल्पनेची मुळं जुनी आहेत. हिब्रू ही बाबेलच्या मनोऱ्याआधीची (बायबलच्या कथेत तिथे माणसांच्या भाषा वेगळ्या झाल्या) आदिभाषा, अशी युरोपभर समजूत होती. ११व्या शतकात आयरिश भिक्षूंनी गेल (म्हणजे आयरिश) लोकांची वंशावळ नोआपर्यंत आणि इजिप्तच्या फॅरोच्या मुलीपर्यंत नेली. इतर ख्रिस्ती राष्ट्रांच्या बरोबरीने बायबलच्या इतिहासात आपलीही जागा त्यांना हवी होती. १५८८ मध्ये बायबल मूळ हिब्रूवरून वेल्शमध्ये आलं, आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्या पाद्र्यांना वाक्यरचनेतलं साम्य जाणवू लागलं. नुकसानही झालं: १८९९ ते १९०२ या काळात ब्रिटिश-इस्रायलवाद्यांनी (ब्रिटिश लोक हरवलेल्या टोळ्यांचे वंशज असं मानणाऱ्यांनी) कराराचा कोश, म्हणजे बायबलमधली दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी, शोधायला आयर्लंडची प्राचीन तारा टेकडी खणली. कोश मिळाला नाही, पण पुरातत्त्वाचे थर कायमचे उसकटले गेले.

आता खरं साम्य. वेल्श, आयरिश आणि बायबलमधली हिब्रू या तिन्ही भाषांत क्रियापद वाक्यात कर्त्याआधी येतं: आयरिश 'पाहिला माणसाने कुत्रा', बायबलचं पहिलंच वाक्य 'प्रारंभी निर्मिलं देवाने'. 'राजाचं घर' आयरिशमध्ये 'ट्याख अन री', हिब्रूत 'बेत हमेलेख': आधी घर, मग राजा, आणि उपपद (इंग्रजी 'द'सारखा शब्द) फक्त राजाला. शब्दयोगी अव्ययात सर्वनाम मुरतं: आयरिश 'अगम, अगत' (माझ्याकडे, तुझ्याकडे), हिब्रू 'ली, लखा' (मला, तुला). मालकी दाखवणारं क्रियापद दोघींकडे नाही. पण ते मराठीतही नाही, आपणही 'माझ्याकडे पुस्तक आहे' असंच म्हणतो. त्यामुळे हा मुद्दा पुराव्यातून वगळा.

वेल्श विद्वान जॉन मॉरिस-जोन्स यांनी १९०० मध्ये मांडलं की ब्रिटनमध्ये केल्टिकच्या आधी उत्तर आफ्रिकेतल्या इजिप्शियन-बर्बर धर्तीची भाषा होती आणि तिची ठेवण केल्टिकमध्ये उतरली. पुढे पोकोर्नी आणि फेनेमान या भाषाशास्त्रज्ञांनी हा धागा वाढवला. अशी गोष्ट घडू शकते. मराठीतला 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद द्राविडी शेजाराची देणगी मानला जातो. पण इथे दोन अडचणी आहेत. पहिली, ही साम्यं एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. ज्या भाषेत क्रियापद आधी येतं तिथे 'कडे', 'मध्ये' या अर्थाचे शब्द नामाआधी, 'राजाचं' घरानंतर, ही रचना सहसा सोबतच येते. हवाईच्या भाषेतही तसंच. म्हणजे अनेक पुरावे मोजताना आपण एकच पुन्हापुन्हा मोजत असतो. दुसरी अडचण जास्त जड आहे. स्पेनमधल्या बोतोर्रिता इथे १९७० मध्ये सापडलेल्या ब्राँझ पत्र्यावरच्या केल्टिबेरियन (स्पेनमधली प्राचीन केल्टिक भाषा) मजकुरात क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं, आणि अगदी जुन्या आयरिश पद्यातही शेवटी क्रियापद असलेली वाक्यं आहेत. हिब्रूशी जुळणारी ठेवण मूळची असती तर जितकं मागे जावं तितकी ती ठळक व्हायला हवी होती. इथे ती पुसट होत जाते. आधीच्या भाषेचा परिणाम उशिरा वर आला, असं उत्तर यावर देतात. ते अशक्य नाही, पण त्या भाषेचा एकही शिलालेख हाती नाही.

तेव्हा यादी समोर आली की प्रत्येक आयरिश शब्दाचं ओगम (आयर्लंडची जुनी रेघांची लिपी) शिलालेखांतलं किंवा जुन्या आयरिशमधलं रूप काढा. आजचा 'मॅक' (मुलगा) तिथे 'मक्वि' ('मुलाचा' या रूपात) आहे. तुलना त्याच्याशी करायची. मग 'साबाथ'सारखे बायबलमधून लॅटिनमार्गे आलेले शब्द काढून टाका. उरलेल्यांत एकच ध्वनिनियम किमान चार-पाच शब्दांना लागतो का ते पाहा. या याद्या बहुतेक पहिल्याच पायरीवर संपतात.

वंश आणि भाषा यांचीही गल्लत नको. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाची मातृभाषा मराठी. म्हणून मराठी सेमिटिक होत नाही आणि ते ज्यू असण्यातही काही उणं पडत नाही. संपर्काचंही तसंच. इस्रायलच्या किनाऱ्याजवळ समुद्रात सापडलेल्या, इ.स.पू. १३व्या-१२व्या शतकातल्या कथलाच्या लगडी कॉर्नवॉलच्या खनिजाशी जुळतात, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समस्थानिकांच्या तपासणीत दिसलं. माल हातोहात इतका दूर जात होता. तो नेणारे लोक ब्रिटनमध्ये वसले आणि त्यांनी तिथली भाषा बदलली, हे त्या लगडींवरून सिद्ध होत नाही.